डिझेलचा काटा खोटं बोलतोय? आधी टाकी मोजा, मग बोला



गटाने किंवा ग्रामसंघाने जुना टेम्पो घेतला की भाजी, दूध, मसाले, पशुखाद्य वेळेवर पोचवता येतं. भाड्याच्या गाडीवाल्याची वाट बघत बसावं लागत नाही. पण जुनी गाडी म्हटली की तिच्या खोड्याही आल्याच. त्यातली एक खोडी दिसायला बारीक, पण गटात भांडण लावायला पुरेशी असते. ती म्हणजे डॅशबोर्डवरचा डिझेलचा काटा बिघडणं. कधी तो पाव टाकीवर चिकटून बसतो, कधी खड्ड्यात नाचतो, तर कधी टाकी फुल करून आलो तरी ‘ई’वरून हलत नाही. “काटा बंदच आहे हो, अंदाजाने चालवतो,” असं ड्रायव्हरदादा सांगतात आणि सहा-सहा महिने तसंच चालतं.

हा अंदाज तीन ठिकाणी महागात पडतो.

पहिलं, गाडी वाटेतच थांबते. डिझेल गाडी पूर्ण कोरडी पडली की पाइपात आणि फिल्टरमध्ये हवा शिरते. मेकॅनिक म्हणतात, “गाडीने एअर घेतली.” मग कॅनमधून डिझेल आणून ओतलं तरी गाडी लगेच सुरू होत नाही. हँड प्रायमर दाबून, स्क्रू सैल करून हवा काढावी लागते. तोवर मार्केटमधला लिलाव संपलेला असतो आणि मेथी-कोथिंबीर कोमेजलेली असते.

दुसरं, टाकीच्या तळाशी पाणी, गंज आणि गाळ बसलेला असतो. टाकी वरचेवर तळाला नेली की तो गाळ फिल्टरकडे ओढला जातो. फिल्टर लवकर चोंदतो आणि पुढे पंप-नोझलचं दुखणं मागे लागतं.

तिसरं नुकसान सगळ्यात मोठं. काटा चुकीचा दाखवतो आणि संशय माणसावर जातो. “परवा चाळीस लिटर टाकलं, आज काटा खाली कसा?” असं कोणीतरी बैठकीत बोलतं. ड्रायव्हर चिडतो, गाडी बघणारी ताई मध्ये सापडते, हिशोब लिहिणारीवर बोटं येतात. कधी खरोखर डिझेल जातही असेल. पण काटाच बिघडलेला असेल तर चोरी झाली हेही सिद्ध होत नाही आणि झाली नाही हेही नाही. म्हणून आधी टाकी मोजायची, मग काट्याचा दोष शोधायचा आणि त्यानंतरच कोणाला काही विचारायचं.

काटा चालतो कसा?

यात अवघड काही नाही. घरावरच्या पाण्याच्या टाकीत बॉल कॉक असतो ना? पाणी वाढलं की गोळा वर येतो, कमी झालं की खाली जातो. डिझेलच्या टाकीतही तसाच एक तरंगणारा तुकडा असतो. त्याला फ्लोट म्हणतात. तो एका बारीक दांडीला लावलेला असतो. दांडी हलली की तिच्या वरच्या टोकाची पितळी जीभ एका पट्टीवरून सरकते. ही पट्टी पंख्याच्या जुन्या रेग्युलेटरसारखं काम करते, म्हणजे वीज कमी-जास्त अडवते. फ्लोट, दांडी आणि पट्टी मिळून जो भाग होतो त्याला टँक युनिट किंवा सेंडर म्हणतात.

युनिटपासून एक वायर डॅशबोर्डवरच्या मीटरपर्यंत जाते. चावी फिरवली की मीटरला फ्यूजमधून वीज मिळते. ती मीटर, वायर आणि युनिट यांतून जाऊन गाडीच्या लोखंडी सांगाड्यावाटे बॅटरीकडे परत येते. या परतीच्या वाटेला अर्थिंग म्हणतात. युनिटची पट्टी वीज किती अडवते, त्यावर काटा कुठे थांबायचं ते ठरवतो.

म्हणजे काटा बिघडला तर दोष पाचच ठिकाणी असू शकतो: फ्यूज, मीटर, वायर, टँक युनिट किंवा अर्थिंग. यातलं मीटर आणि युनिट महाग. फ्यूज, वायर, अर्थिंग यांचं काम थोडक्यात होतं. म्हणून तपासणी स्वस्ताकडून महागाकडे करायची. “काटा चालत नाही” म्हटल्यावर कोणी थेट नवीन मीटर बसवायला निघालं, तर “आधी काय काय तपासलं?” हे विचारायचा हक्क गाडीच्या मालकिणींना आहे.

दुरुस्ती होईपर्यंत: दांडी आणि वही

काटा दुरुस्त व्हायला चार दिवस लागोत नाहीतर चार आठवडे, हिशोब आजपासून नीट ठेवता येतो.

*मोजपट्टी तयार करा.* टाकीचं तोंड सरळ असेल तर एक गुळगुळीत, रंग न दिलेली लाकडी पट्टी घ्या. कुसं निघणारी काठी नको. टाकी जवळजवळ रिकामी असताना गाडी सपाट जागी उभी करून पट्टी तळापर्यंत उभी सोडा आणि ओल जिथपर्यंत येईल तिथे खूण करा. मग पंपावर दहा-दहा लिटर थांबून थांबून भरायला सांगा आणि दर वेळी नवी खूण करा. साठ लिटरची टाकी असेल तर पाच-सहा खुणा होतील. खुणा ब्लेडने कोरून घ्या, पेनाची शाई डिझेलमध्ये पुसून जाते. गोल नळकांड्यासारखी आडवी टाकी असेल तर खुणा सारख्या अंतरावर येणार नाहीत. मध्यभागी जवळजवळ आणि वर-खाली लांब येतील. त्यात काही चूक नाही. म्हणूनच शाळेची फूटपट्टी इथे चालत नाही, ज्या त्या टाकीची पट्टी वेगळी.

पट्टी पिशवीत गुंडाळून केबिनमध्ये ठेवा, नाहीतर तिच्याबरोबर माती टाकीत जाते. टाकीच्या तोंडात जाळी असेल तर ती फोडू नका. जाळी किंवा वाकडा पाइप आड येत असेल तर पट्टीचा नाद सोडा आणि पुढची रीत वापरा.

*फुल ते फुल.* टाकी गळ्यापर्यंत भरा आणि किलोमीटरचं रीडिंग लिहा. पुढच्या वेळी त्याच पंपावर पुन्हा तेवढीच भरा. या वेळी जेवढे लिटर बसले, तेवढं डिझेल मधल्या प्रवासात लागलं. एक उदाहरण बघा:

पहिलं रीडिंग ८४,२१० किमी.
दुसरं रीडिंग ८४,६४२ किमी. गाडी चालली ४३२ किमी.
टाकीत बसलं ४८ लिटर.
४३२ भागिले ४८ म्हणजे लिटरला ९ किमी अ‍ॅव्हरेज.

पुढच्या खेपेला ४०८ किमीला ४८ लिटर लागले तर अ‍ॅव्हरेज साडेआठ झालं. माल जास्त होता, घाट होता, एवढा फरक पडतोच. पण ४०८ किमीला ६० लिटर लागले तर अ‍ॅव्हरेज ६.८ वर आलं. आता चौकशी करायला हवी. ती करतानाही क्रम ठेवा. टायरमध्ये हवा कमी आहे का, एअर फिल्टर चोंदला आहे का, ब्रेक धरून राहतात का, टाकीखाली किंवा पाइपाच्या जोडावर ओल दिसते का, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवलं होतं का, हे आधी बघा. टाकीच्या झाकणाला कुलूप आहे ना, हेही बघा. रात्री रस्त्याकडेला उभ्या गाडीतून पाइप टाकून डिझेल काढणारे बाहेरचेही असतात.

वहीत सहा रकाने पुरतात: तारीख, किमी रीडिंग, किती लिटर, किती रुपये, पट्टीवरची खूण, दोघांच्या सह्या. सह्या दोघांच्या म्हणजे ड्रायव्हरदादांची आणि गाडी बघणाऱ्या ताईची. मोजणी ड्रायव्हरच्या समोरच करायची. पाठीमागे मोजलेल्या टाकीवर कोणाचाच विश्वास बसत नाही. आणि ही वही प्रामाणिक ड्रायव्हरचं संरक्षणही करते, हे त्यांनाही समजावून सांगा.

एक सवय आणखी लावा. टाकीतलं शेवटचं चार-पाच लिटर हिशोबात धरू नका, कारण डिझेल ओढणारा पाइप तळापासून थोडा वर असतो. साठ लिटरच्या टाकीत पाव टाकी म्हणजे पंधरा लिटर. त्यातलं पाच सोडा. उरलेल्या दहा लिटरवर नऊच्या अ‍ॅव्हरेजने नव्वद किलोमीटर. बाजार पन्नास किलोमीटरवर असेल तर जाऊन यायला ते पुरत नाही. निघण्याआधीच भरा.

लक्षणावरून दोष ओळखा

डॉक्टरकडे जाताना आपण “कधीपासून दुखतं, कुठे दुखतं” सांगतो. गाडीचंही तसंच. गॅरेजला जाण्याआधी पुढच्या गोष्टी बघून लिहून ठेवा.

• डिझेलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा, दोन्ही काटे एकदम बंद पडले किंवा एकदम चुकीचं दाखवू लागले: दोष बहुधा टाकीत नाही. फ्यूज, मीटरला येणारी वीज किंवा डॅशबोर्डचं अर्थिंग तपासायचं. बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरांना सारखी वीज देणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो, तो गेला तरी असंच होतं.

• फक्त डिझेलचा काटा बिघडला: युनिट, त्याची वायर किंवा त्याचं अर्थिंग.

• हेडलाइट किंवा वायपर लावला की काटा सरकतो: अर्थिंग सैल किंवा गंजलेलं.

• काटा एका ठराविक जागी आला की पडतो आणि पुढे पुन्हा नीट दाखवतो: युनिटची पट्टी त्या जागी झिजली आहे.

• टाकी भरली तरी काटा रिकामंच दाखवतो: फ्लोटला चीर पडून त्यात डिझेल भरलं आणि तो बुडाला, असं असू शकतं. किंवा वायर तुटली असेल, नाहीतर कुठे सांगाड्याला टेकली असेल.

• काटा मध्येच कुठेतरी चिकटला: दांडी वाकून टाकीच्या भिंतीला अडकते आहे किंवा गंजाने जाम झाली आहे.

• गाडी रंगवून किंवा टाकी काढून बसवल्यावर काटा बंद झाला: अर्थिंगच्या बोल्टखाली रंग गेला असणार. आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीचं पासिंग दरवर्षी करावं लागतं. त्याआधी डेंटिंग-पेंटिंग होतं आणि नेमका तेव्हा हा घोळ होतो. टाकीच्या पट्ट्यांखाली रबर असतं, युनिटखाली पॅकिंग असतं. त्यामुळे टाकीला अर्थिंगची स्वतंत्र वायर असेल तर ती परत जोडली ना, हे बघावं लागतं.

काही गोष्टी दोष नसतात, त्याही माहीत हव्यात. घाटात किंवा वळणावर डिझेल हिंदकळतं, तेव्हा काटा थोडा हलतो. जुन्या पद्धतीचं मीटर तापून चालतं, म्हणून चावी फिरवल्यावर काटा हळूहळू वर चढतो. वरची अर्धी टाकी सावकाश संपते आणि खालची अर्धी भराभर, असं बऱ्याच गाड्यांत दिसतं. टाकीचा आकार आणि दांडीची चाल यामुळे ते होतं.

तपासणीचा क्रम

ही तपासणी वायरिंगवाल्याकडूनच करून घ्या, पण समोर उभं राहून बघा. ती जुन्या, साध्या मीटरच्या डिझेल गाड्यांसाठी आहे. १९८६ मध्ये बाजारात आलेल्या टाटा ४०७ च्या पिढीतल्या गाड्या म्हणजे काय ते लक्षात येईल. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरच्या गाड्यांना ती लावायची नाही. पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांच्या टाकीजवळ तर अजिबात नाही.

१. फ्यूज बघा. उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळू नका, तिने वायरिंग जळतं. नवा फ्यूजही लगेच उडाला तर वायर कुठेतरी टेकली आहे, ती शोधायची.

२. युनिटवरची वायर, तिची टोकं आणि अर्थिंगचा बोल्ट बघा. चिखल, गंज, हिरवट बुरशी असेल तर पॉलिश पेपरने घासून घट्ट करा. उंदराने कुरतडलेली वायर दिसली तर बदला. बऱ्याचदा काम इथेच संपतं.

३. टाकीचं झाकण लावलेलंच ठेवून युनिटवरची मीटरची वायर सोडवा. चावी चालू करा आणि काटा कुठे जातो ते बघा. मग त्या वायरचं टोक टाकीपासून दूर, सांगाड्याच्या स्वच्छ जागी काही सेकंदच टेकवा. जास्त वेळ टेकवलं तर काही मीटर जळू शकतात. आता काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. कोणत्या वेळी ‘ई’ आणि कोणत्या वेळी ‘एफ’ हे गाडीच्या प्रकारावर असतं. दोन्ही वेळी काटा वेगवेगळ्या टोकाला गेला म्हणजे मीटर आणि वायर चांगली आहे. दोष टाकीच्या बाजूला, म्हणजे युनिट किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे.

४. काटा हललाच नाही तर हीच कसोटी मीटरच्या मागे करायची. तिथे काटा हलला तर मधली वायर तुटली आहे. तिथेही हलला नाही आणि मीटरला वीज येते आहे, तरच मीटर खराब.

युनिटवर कधीकधी आणखी वायरी असतात. एक अर्थिंगची, एक डिझेल कमी झाल्यावर पेटणाऱ्या दिव्याची. म्हणून सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

५. युनिटवर शंका असेल तर मल्टिमीटरने त्याचा ओहम मोजतात. एका प्रकारात टाकी रिकामी असताना साधारण १० आणि भरलेली असताना १८० ओहम येतात. दुसऱ्या प्रकारात उलटं असतं, रिकामी २४० आणि भरलेली ३३ च्या आसपास. आपण आकडा पाठ करायची गरज नाही. फ्लोट हळूहळू वर नेताना आकडा सलग बदलतो की मध्ये तुटतो, एवढंच बघायचं. तुटत असेल तर पट्टी गेली.

टाकी उघडायची वेळ आली तर

डिझेल पेट्रोलइतकं चटकन पेट घेत नाही, पण उन्हात तापलेल्या टाकीची वाफ आणि एक ठिणगी एकत्र आली तर अनर्थ होऊ शकतो. म्हणून काम मोकळ्या हवेत, सावलीत करायचं. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल आधी सोडवायचं. बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर, चूल यांतलं काही जवळ नको. टाकीत डिझेल कमी असताना काम सोपं पडतं. उघडण्याआधी युनिटच्या भोवतीची माती ब्रशने झाडून घ्यायची, नाहीतर ती सगळी आत पडते. बसवताना पॅकिंग नवंच घ्यायचं. जुन्या पॅकिंगमधून पावसाळ्यात पाणी आत जातं आणि ते डिझेलच्या पंपाचा घात करतं.

काढलेला फ्लोट कानाजवळ हलवून बघा. आत डिझेल खळखळलं तर चोर सापडला म्हणायचं!

नवीन युनिट घेताना गाडीचं मॉडेल सांगा आणि जुना पार्ट सोबत न्या. दांडीची लांबी किंवा ओहमचा प्रकार वेगळा असेल तर टाकी फुल असूनही काटा अर्ध्यावरच थांबेल. छोटे टेम्पो बारा व्होल्टवर चालतात, मोठे ट्रक चोवीसवर. मीटर बदलायचं असेल तर हेही जुळायला हवं. टाकीत बसवण्याआधी नवीन युनिट बाहेरच, टाकीपासून लांब वायरला जोडून अर्थिंग द्यायला सांगा. हाताने फ्लोट खालून वर न्या आणि केबिनमधल्या ताईने काटा ‘ई’वरून ‘एफ’पर्यंत जातो का ते बघावं. इथे जमलं तरच बसवायचं.

गॅरेजमध्ये विचारायचे चार प्रश्न

१. दोष पाचपैकी कुठे आहे आणि ते कसं कळलं?
२. वायर टेकवून बघितली का? काटा हलला का?
३. काढलेला जुना पार्ट परत द्याल ना?
४. बिलावर पार्ट आणि मजुरी वेगवेगळी लिहाल ना?

हे प्रश्न सौम्य आवाजात विचारले तरी पुरेसे असतात. समोरच्याला कळतं, गाडीच्या मालकिणी माहितीच्या आहेत.

बैठकीत काय ठरवायचं?

पुढच्या मासिक बैठकीत गाडीचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी ठरावात लिहून घ्या. मोजपट्टी कोण तयार करणार आणि कधी. वही कोणाकडे राहणार आणि दर किती दिवसांनी बैठकीत वाचली जाणार. आणि दुरुस्तीला किती रकमेपर्यंत समितीने परस्पर खर्च करायचा, त्यावर गेलं तर कोणाला विचारायचं.

मागचे हिशोब उकरायचे असतील तर महिनाभर थांबा. आधी दोन-तीन वेळा फुल ते फुल मोजा, म्हणजे आपल्या गाडीचं खरं अ‍ॅव्हरेज हाती येईल. तो आकडा मागच्या पावत्यांना लावून बघा. गैरव्यवहार असेल तर तो आकड्यांत दिसेल आणि बोलायला आधार मिळेल. नसेल तर ज्या माणसावर आपण महिनोन्‌महिने संशय घेतला, त्याला तसं स्पष्ट सांगायचं, तेही बैठकीत, सगळ्यांसमोर.